बॅनरवर ‘बायल्या’ लिहायचं की नाही?

सुरंगी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. ८ मार्चला कुडाळात आमची एक लहानशी फेरी निघते, एसटी स्टँडपासून बाजारपेठेतून फिरून परत. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडच्या काही बायका, दोघे-तिघे समलिंगी मुलगे, एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मैत्रीण आणि स्वतःला अजून कुठलंच नाव न दिलेले एकदोन जण, एवढाच आमचा गट. संस्था नाही, नोंदणी नाही. वर्गणी काढून चहा पितो.

यंदा बॅनरवरून भांडण लागलंय. तरुण पोरांचं म्हणणं असं की मोठ्या अक्षरांत ‘होय, मी बायल्या!’ लिहायचं आणि त्याभोवती बाकीचे शब्द: भांडकुदळ, छिनाल, उंडगी, पांढऱ्या पायाची. जे जे आपल्याला म्हटलं गेलं ते सगळं आपणच आपल्या हाताने रंगवायचं. आमच्यात सगळ्यांत मोठ्या काकी आहेत, निवृत्त नर्स. त्या म्हणाल्या, “ह्या शब्दावरून मी वॉर्डातल्या लोकांशी जन्मभर भांडलंय. आता त्याच्याच पाठसून चालू? माका जमूचा नाय.” त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. तेव्हापासून ग्रुपवर शांतता आहे. एरवी तिथे दिवसाला शंभर गुड मॉर्निंग पडतात.

पोरांची बाजू थोडी मांडते. शिवी उलटवण्याचा उद्योग जुना आहे. इंग्लंडात मताधिकार मागणाऱ्या बायकांना १९०६ मध्ये ‘डेली मेल’ने चिडवायला ‘सफ्रजेट’ म्हटलं. चिमुकली, लुटूपुटूची, असा त्यातल्या ‘-एट’ प्रत्ययाचा सूर. त्या बायकांनी तो शब्द उचलला आणि १९१२ मध्ये आपल्या वर्तमानपत्राचं नावच ‘द सफ्रजेट’ ठेवलं. ‘क्वीअर’चंही तेच. अमेरिकेत ती समलिंगी लोकांना रस्त्यावर मार खाताना ऐकू येणारी शिवी होती. एड्सच्या काळात, सरकार हातावर हात धरून बसलेलं असताना, लोक चिडले आणि १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘क्वीअर नेशन’ नावाने उभे राहिले. आज तोच शब्द विद्यापीठांत अभ्यासक्रमाचं नाव म्हणून चालतो.

गुलाबी त्रिकोण तर त्याहून भयंकर जागेतून आलेला. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर तो उलटा, टोक खाली करून शिवलेला असायचा. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन कलम १७५ खाली सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली, त्यातले ५ ते १५ हजार छावण्यांत गेले. युद्ध संपलं तरी कलम गेलं नाही. पश्चिम जर्मनीने नाझींनी कडक केलेलं तेच कलम १९६९ पर्यंत तसंच वापरलं आणि ते पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं. सत्तरच्या दशकात जर्मन कार्यकर्त्यांनी तो त्रिकोण स्वतःहून छातीवर लावला. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या भिंतींवर काळ्या पोस्टरवर तो टोक वर करून झळकला, खाली लिहिलं होतं ‘मौन म्हणजे मृत्यू’.

हे सगळं मला पटतं. तरी काकी उठून गेल्या तेव्हा माझ्याकडे त्यांना थांबवायला एकही वाक्य नव्हतं. म्हणून विचारतेय. कोकणात, जिथे बॅनरमागे चालणाऱ्या प्रत्येकाचं घर बघणाऱ्याला माहीत असतं, तिथे हे करावं का?

नारळपाणी | सोमवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. एक व्यावहारिक शंका: रंगवणार कोण? आमच्याकडचा पेंटर ‘सत्यनारायणाची महापूजा’ सोडून दुसरं काही लिहायला दहादा विचारतो.

ताडमाड | सोमवार, रात्री १०:३१

स्पष्ट लिहितो, राग नसावा. न्यूयॉर्क, लंडन, जर्मनी झालं, आता कुडाळ. तिकडच्या लोकांनी तिकडच्या शिव्या उलटवल्या, चांगलं केलं. आपल्याकडे आधी नीट बोलायला शिकवा की. शिवी ती शिवी. माझा भाचा शाळेत हाच शब्द ऐकून घरी रडत आला होता. त्याला मी काय सांगू, बाळा, हा शब्द आता अभिमानाचा आहे, कुडाळात फेरीत ठरलं? हे शहरी चोचले आहेत आणि त्याची किंमत गावातली पोरं देतात.

सुरंगी | सोमवार, रात्री ११:१२

ताडमाड, भाच्याचा मुद्दा खराच जड आहे, त्यावर घाईने बोलत नाही. पण ‘शहरी चोचले’ हे मान्य नाही. लैंगिकतेवर मराठीत उघड लिहिणारे र. धों. कर्वे मूळ दापोलीजवळच्या मुरुडचे. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, मासिक चालू राहिलं. म्हणजे हे वादळ इकडे नवीन नाही.

आणि मंगळूर काही परदेश नाही, आपल्याच किनाऱ्याने खाली गेलं की लागतं. २००९ च्या जानेवारीत तिथल्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली, तेव्हा बायकांनी स्वतःला ‘पबमध्ये जाणाऱ्या, सैल आणि पुढारलेल्या’ असं नाव घेऊन हल्लेखोर संघटनेला गुलाबी चड्ड्या पोस्टाने पाठवल्या. ‘सैल’ हा शब्द त्यांनी समोरच्याच्या हातातून काढून घेतला आणि वर हसल्या.

राधा_शिमग्याची | मंगळवार, पहाटे १:२०

झोप येत नाय म्हणून लिवतंय. मालवणी-मराठी मिसळ होतली, चालवून घ्या.

आमच्या वाडीत शिमग्याक रोंबाट निघता. ढोल, ताशे, सोंगा आणि मधी राधा. बाईचो वेश घेतलेलो पुरुष. गेली कित्येक वर्षं राधा मीच. लुगडा नेसवूक आमच्या शेजारची वहिनी येता, नथ तिचीच. मांडावर नाचलंय की म्हातारे कोतारे पाया पडतत, शबय म्हणजे शिमग्याचे पैसे घालतत, लहान पोरांका माझ्या हातात देतत. दशावतारातय तसाच. स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाक लोक रात्रभर डोळ्यात तेल घालून बघतत, सकाळी त्याच्या नावाने घराघरात बोलणा असता.

आणि शिमगो उतरलो की? त्याच वाडीत तीच माणसा माका ‘बायलो’ म्हणतत. चालण्यावरून, हसण्यावरून, भाजी निवडूक बसलंय त्यावरून. पालखी देवळात गेली की राधेचो परवानो संपलो. शिमग्यात शिवी देवक सगळ्यांकाच मुभा असता, बोंब मारूचीच असता. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात इली ती सांगतंय: ती मुभा शिवी देणाऱ्याक असता. खाणारो वर्षभर तोच.

आता बॅनराचा. पयल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटो इलो, आणि तो भीतीचो नव्हतो. माका वाटला, एकदा तरी हो शब्द माझ्या तोंडान, माझ्या आवाजात, बाजारपेठेत म्हणूचो. वेश न घेता, शर्ट-पँटीत. राधा म्हणून नाचतंय तेव्हा माका सगळे बघतत पण माका कोण बघणा नाय. काकींका सांगा, त्यांच्या पोटात दुखता ता माका समाजता. पण माझ्यासाठी कोणीतरी भांडण्यापेक्षा माका एकदा माझा माका भांडू देत.

खलाशी | मंगळवार, सकाळी ७:५०

राधा, दंडवत. आणखी काही लिहीत नाही त्यावर, हलकं होईल.

एक अवांतर. सुरंगीताईंनी गुलाबी त्रिकोणाचं लिहिलंय. तुमच्या गटात कोणाच्या मनात तो लावायचा विचार असेल तर कृपया नको. टोक खाली केलेला त्रिकोण आमच्या पिढीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल रंगात बघितलाय. साठच्या दशकाच्या अखेरीपासून कुटुंब नियोजनाचं ते चिन्ह, सोबत ‘हम दो, हमारे दो’. निरोधच्या पाकिटावर तोच. तुम्ही गुलाबी त्रिकोण घेऊन स्टँडवर उभ्या राहिलात तर चार म्हातारे येऊन विचारतील शिबिर कधी आहे, आणि आणीबाणी आठवणारे घाबरून पळतील. गंमत वेगळी, पण चिन्ह उलटवायचं तर आधी ते समोरच्याच्या मनात सुलटं असावं लागतं. छळछावणीचा त्रिकोण इथे कोणाच्या डोळ्यांसमोरच नाही. त्यातली जरब ठाऊक नसेल तर ती उलटवल्याचं धाडसही दिसत नाही.

समलिंगी चळवळीच्या इंद्रधनुष्याच्या झेंड्याचं बरं आहे. गिल्बर्ट बेकरने १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो झेंडा केला तो कुठल्याच शिवीतून उचललेला नव्हता, कोरा होता. आधी आठ पट्टे होते, वर्षभरात सहा राहिले. कुठेही न्या, अडत नाही. पण त्यामुळेच तो जाहिरातींत इतक्या लवकर गेला असं माझं मत. ‘बायल्या’ला कोणी बँक प्रायोजक होणार नाही, हा त्या शब्दाचा मोठा गुण.

हर्णैकरीण | मंगळवार, दुपारी ३:१५

लिलाव आटपून आत्ता बसले. माझी आई, आजी, मी, सगळ्या बंदरावरच्या. तुमच्या यादीत ‘भांडकुदळ’ बघितलं आणि हसू आलं, कारण त्याच्या पुढे कायम आमचंच नाव जोडलेलं असतं. कोळणीसारखी भांडते. काय मासळीबाजार मांडलाय. विधानसभेत गोंधळ झाला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात सभागृहाचा मासळीबाजार. सभागृहात टोपल्या उचलून वीस-वीस किलो मासळी कोणी वाहिली मला माहीत नाही.

आम्ही आवाज का चढवतो ते सांगते. होड्या लागल्या की लिलाव मिनिटांत होतो. समोर दलाल, व्यापारी, ट्रकवाले, सगळे पुरुष. भाव बोलला आणि ऐकू गेला नाही तर माल गेला. मागे इंजिनं चालू, बर्फ फुटतोय, समुद्र आहेच. तिथे मंजुळ बोलणारी बाई संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन घरी जाते. हा आवाज धंद्याचं हत्यार आहे, घरात आम्ही तुमच्याइतक्याच हळू बोलतो. (माझा नवरा वेगळं सांगेल.)

तर ‘होय, मी कोळीण, आवाज चढवूनच बोलणार’ असं कोणी लिहिलं तर मी पहिली चालेन. पण लिहायचं असेल तर आम्हाला लिहू द्या. कॉलेजातल्या मुली नऊवारी भाड्याने आणून, डोक्यावर प्लास्टिकची टोपली घेऊन ‘मी कोळीण’ म्हणतात ते स्नेहसंमेलनात पुष्कळ झालं. आणि एक विचारते, ‘छिनाल’ कोण धरणार हातात? नाव ठरलंय का, की बॅनर आहे म्हणून सगळ्यांच्या वतीने आपोआप?

(हा प्रतिसाद संपादकांनी काढून टाकला आहे.)

संपादक | मंगळवार, दुपारी ४:०२

शब्दावर चर्चा आहे म्हणून तोच शब्द एखाद्या सदस्यावर फेकण्याची सोय इथे नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर आयडी जाईल. धाग्याचं काश्मीर करू नये ही विनंती.

महाडकर | मंगळवार, रात्री ९:३०

शांतपणे सगळं वाचलं. मला दोन गोष्टी सांगायच्यात, दोन्ही माझ्या गावच्या आणि दोन्ही १९२७ च्या.

मार्चात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एप्रिलमध्ये बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. विचार करा, गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या पेपराच्या माथ्यावर, पहिल्या पानावर, ठळक टायपात ‘बहिष्कृत’. झाकलं नाही, गोड केलं नाही. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी ‘दलित पँथर’ म्हटलं तेही त्याच वाटेने. वरून आलेला ‘हरिजन’ नको, आमचा आम्ही घेतलेला शब्द हवा. शिवी उलटवण्याचे धडे आम्हाला न्यूयॉर्कहून घ्यायची गरज नाही असं मी म्हणते ते याच्यामुळे.

आता दुसरी गोष्ट. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच पुन्हा परिषद भरली. जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, फत्तेखान यांनी दिली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, म्हणून आम्ही बायका तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन पाळतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. काय सांगितलं? लुगडं घोट्यापर्यंत नेसा, सवर्ण बायका नेसतात तसं. ते कथलाचे, चांदीचे गळाभर, हातभर दागिने काढून टाका. त्यावरून तुमची जात लांबून ओळखू येते.

म्हणजे पहा. तोच माणूस, तेच वर्ष, तोच लढा. पेपराच्या कपाळावर ‘बहिष्कृत’ मिरवायचं आणि बाईच्या अंगावरची बहिष्काराची खूण मात्र उतरवायची. मला वर्षानुवर्षं हा विरोध वाटायचा. ‘खुणा अभिमानाने मिरवा’ असंही त्यांना सांगता आलं असतं की. पण पेपर तुम्ही उघडता, वाचता, घडी घालून ठेवता. तो हातात घ्यायचा की नाही हे तुमच्यावर. दागिना पाणवठ्यावर तुमच्या आधी बोलतो. तुम्ही तोंड उघडण्याआधी समोरच्याने तुम्हाला ओळखलेलं असतं, आणि ती खूण तुम्ही घरी गेल्यावरही अंगावरच असते.

२०११ मध्ये टोरांटोत ‘स्लटवॉक’ निघाला, पोलिसाने मुलींना ‘स्लट’सारखे, म्हणजे छिनालसारखे, कपडे घालू नका म्हणून सांगितलं त्यावरून. दिल्लीत जुलैमध्ये त्याचा ‘बेशर्मी मोर्चा’ झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी जाहीर पत्र लिहिलं: हा शब्द आम्हाला उचलता येत नाही, कारण आमच्यावर तो गुलामगिरीपासून चिकटवलेला आहे. तुम्ही मोर्चा संपल्यावर तो उतरवाल, आम्हाला उतरवता येणार नाही. वाचताना मला थेट महाडची परिषद आठवली.

सुरंगी, तुझ्या पोरांना एवढंच विचार. हा शब्द फेरी संपल्यावर कोणाला खाली ठेवता येईल आणि कोणाला नाही? जिला ‘छिनाल’ म्हणून गावाने आधीच वाळीत टाकलंय ती त्या बॅनरमागे तिसऱ्या ओळीत असेल, तर तिच्यासाठी ते काय आहे?

वेशीबाहेर | मंगळवार, रात्री ११:४८

नवा आयडी काढलाय, कारण नेहमीच्या नावाने हे लिहिणार नाही.

महाडकरताई, तुमच्या दुसऱ्या गोष्टीला आमच्या घरातून पुरवणी. तळकोकणात आणि गोव्यात देवळाच्या सेवेला बांधलेल्या बायका होत्या, त्यांना भाविणी म्हणत, घराण्यांना देवळी, गाणाऱ्यांना कलावंत. गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आमच्या लोकांनी सभा घेतल्या, मुली देवाला सोडणं बंद करायचं ठरवलं आणि ही सगळी नावं टाकून ‘गोमंतक मराठा समाज’ हे एक नाव घेतलं. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा १९३४ मध्ये झाला, त्याच्या आधीपासून हे चालू होतं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, तेव्हा खाली काही घरांत मात्र आजीचं आडनाव विचारलं की विषय बदलत असत.

हल्ली अभ्यासक मुली येतात. फार प्रेमाने बोलतात. म्हणतात, भाविण ही तर स्वतंत्र बाई होती, तिचा वारसा तुम्ही अभिमानाने का सांगत नाही? त्यांचं चुकतं असं नाही, गाणं आमचंच होतं, जमिनी होत्या, काही बायका लिहित्या-वाचत्या होत्या जेव्हा सवर्ण बायका नव्हत्या. पण माझ्या आईने मुलगी बघायला आलेल्या माणसांसमोर तो शब्द ऐकलाय. तिने तो पुरला. पुरलेलं उकरायचा हक्क माझा असेल, मी तो वापरत नाही, आणि पाहुण्याने तर मुळीच वापरू नये. शब्द टाकून देणं हा पळपुटेपणा आहे असा एक सूर या चळवळींत असतो. आमच्या लोकांनी नाव टाकताना जी हिंमत दाखवली ती मोर्च्यात घोषणा द्यायला लागते त्यापेक्षा कमी नव्हती.

काळा_कोट | बुधवार, सकाळी १०:१०

इतक्या चांगल्या प्रतिसादांनंतर रुक्ष लिहितो, पण कोणीतरी लिहायला हवं. फेरीची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. अर्जात घोषणांचा मजकूर विचारू शकतात. सार्वजनिक जागी अश्लील शब्दांनी इतरांना उपद्रव झाल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे, जुनं २९४. ‘बायल्या’ त्यात बसेल असं मला वाटत नाही. ‘छिनाल’वर कोणी तक्रार केली तर डोकेदुखी होईल, शेवटी सुटाल, पण तारखा पडतील.

एक निरीक्षण. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावाच्या साचेबद्ध कल्पनांवर पुस्तिका काढली. निकालपत्रांत बायकांबद्दल कोणते शब्द वापरू नयेत आणि त्याऐवजी काय लिहावं याची यादी त्यात आहे. बऱ्याच शब्दांपुढे पर्याय म्हणून नुसतं ‘स्त्री’ दिलंय. न्यायाधीशासाठी हे उत्तम. पण न्यायालयाने शब्द टाकणं आणि ज्याला तो लागला त्याने टाकणं यांत फरक आहे, तो या धाग्यात मला पहिल्यांदा नीट दिसला. ‘दिव्यांग’ आठवा. २०१५ मध्ये वरून आला, अपंगांच्या कित्येक संघटनांनी नको म्हटलं, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, रॅम्प होते तिथेच राहिले.

कोकमवाला | बुधवार, सकाळी ११:००

कायद्यातलं कळत नाही, झाडातलं सांगतो. कोकमाची रोपं बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात. फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षं कळतही नाही. मग लोक ‘फळ देत नाही’ म्हणून नर झाडं तोडतात आणि नंतर बाकीच्या झाडांवर फळ का धरत नाही म्हणून विद्यापीठात विचारायला जातात. राधाच्या वाडीचं तसंच चाललंय असं वाटलं. बाकी चालू द्या.

राधा_शिमग्याची | बुधवार, दुपारी १:४५

कोकमवाल्यानु, तोडू नका म्हणजे झाला.

महाडकरताई, तुमचा दोनदा वाचलंय. ‘खाली ठेवता येतलो काय’ ह्या प्रश्नाचा माझा उत्तर: नाय येणा. माझो शब्द माझ्या चालण्यात आसा, मी बाजारात शिरलंय की तो माझ्या आधी शिरता. तुमच्या त्या दागिन्यासारखो. म्हणानच माका तो बोलूचो आसा. उतरणारो असतो तर उतरवलो असतोच, मी काय येडो आसंय?

पण ह्याय खरा की माझ्या वाडीत दहावीतलो एक पोरगो आसा. तो माझ्यासारखोच. तो अजून कोणाक काय बोलणा नाय. तो स्टँडवर उभो असलो आणि मोठ्या बॅनरावर तो शब्द दिसलो, तर लोक बॅनर बघतले आणि मगे त्याच्याकडे बघतले. तेका कोणी विचारला नाय.

महाडकर | बुधवार, दुपारी २:२०

राधा, मग तुझ्या हातात तो असू दे. मी तुझ्या बाजूने चालेन. माझ्या हातात माझं काहीतरी असेल.

सुरंगी | गुरुवार, रात्री ८:३०

काल संध्याकाळी काकींच्या घरी बसलो. धागा त्यांना वाचून दाखवला, राधाचा पहिला प्रतिसाद त्यांनी परत वाचायला लावला. बरीच वादावादी झाली, दोन पोरं अजून फुगलेलीच आहेत. ठरलंय ते असं.

मोठ्या बॅनरवर, जो चार जण धरतात आणि ज्याच्यामागे सगळे येतात, कुठलीही शिवी नाही. तिथे ‘८ मार्च, कुडाळ’ आणि मागण्या: शाळेत चिडवण्याची तक्रार ऐकायला ठरलेला माणूस असावा, तालुक्याच्या रुग्णालयात पारलिंगी रुग्णांना कुठल्या वॉर्डात घ्यायचं याचा लेखी नियम असावा, बंदरावर आणि बाजारात बायकांसाठी संडास असावेत. (हर्णैकरीण, शेवटचं तुमच्यावरून सुचलं, तुमच्याकडे आहेत का?) दुसरी मागणी काकींची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी वॉर्डात अजून ‘ह्यांका खय ठेवायचा’ यावर शिपायांत चर्चा होते. त्या म्हणाल्या, त्यावर मी घोषणासुद्धा देईन.

हातातल्या पाट्या प्रत्येकाच्या आपापल्या. ज्याला जो शब्द लागलाय तो त्याने स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहायचा. दुसऱ्याची पाटी धरायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. फोटो काढायचा तर पाटीवाल्याला विचारून. त्रिकोण रद्द, खलाशी जिंकले. झेंडा एक आहे, सहा पट्ट्यांचा, तो येईल.

‘छिनाल’ लिहिणारी कोणी आहे का विचारलं. आमच्यातल्या एकीने हात वर केला, जिच्याकडून कोणालाच अपेक्षा नव्हती. कारण तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. काळा_कोट, तुमचा नंबर तिला देते, चालेल ना?

काळा_कोट | गुरुवार, रात्री ८:४१

चालेल. अर्जाचा मसुदा उद्या पाठवतो.

ताडमाड | गुरुवार, रात्री १०:१५

मला अजून पूर्ण पटलेलं नाही हे नोंदवून ठेवतो. शब्द हातात धरला काय नि बॅनरवर लिहिला काय, व्हॉट्सॲपवर फोटो फिरला की खाली सगळं एकच दिसतं. पण शाळेतली मागणी लिहिलीत ते चांगलं झालं. ती कोणाच्या सहीने जाणार आहे? पालक म्हणून सही चालत असेल तर मी आणि माझी बहीण करू. मामाची चालते का ते बघा.

नारळपाणी | गुरुवार, रात्री १०:२०

पेंटरचं काय झालं ते कोणीच सांगितलं नाही.

सुरंगी | गुरुवार, रात्री १०:५२

ताडमाड, मामाची पण चालवू. मुख्याध्यापकांना प्रत द्यायची आहे, सोमवारी दुपारी येता येईल का? नारळपाणी, पेंटर नाही म्हणाला. त्याच्या बायकोने रंग दिलेत, ब्रश आमचे.